आक्काची मोजणी

रत्नागिरी,
मार्गशीर्ष वद्य अष्टमी

प्रिय आक्का,

तारखेऐवजी तिथी घातली आहे, म्हणजे बाबांनी वाचायला सुरुवात केली की तुला लगेच कळेल. आज भांग. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. इथली आमची मोजणी उधाणालाच असते, म्हणून आज क्षितू चिखलात न जाता खोलीत बसून लिहिते आहे. बाबा, हे पत्र तुम्हीच तुमच्या बहिणीला वाचून दाखवायचं. सकाळी, ओटीवर, चहा झाल्यावर. मधलं काहीही गाळायचं नाही. काही ठिकाणी तुमच्याबद्दल आहे आणि काही ठिकाणी माझ्याबद्दल फारसं चांगलं नाही, तेसुद्धा मोठ्यानं वाचायचं. आई आतून हसली तर हसू दे.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण आक्का, तुझ्याशी फोनवर बोलणं म्हणजे काय ते तुलाच माहीत आहे. तू विचारतेस, "जेवलीस का? मासली मिलते का तिकडं?" आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडते तोवर "ठेव आता, बॅलन्स जाल तुजा," म्हणून फोन बाबांच्या हातात देऊन मोकळी होतेस. तर जेवते मी. मासळी मिळते. इथं चिंबोरीला कुर्ली म्हणतात. पहिल्या आठवड्यात बाजारात मी चिंबोरी मागितली तर कोळीण माझ्याकडे बघतच राहिली. घरमालकीण चांगली आहे, कालवणात नारळ फार घालते एवढंच. काम म्हणशील तर तेच, खाडीकाठच्या चिखलात चौकट टाकून बिळं मोजायची. माझ्या हाताखाली दोन मुली दिल्या आहेत, दोघीही पुण्याच्या. पहिल्या दिवशी दोघी गुडघ्यापर्यंत रुतल्या आणि रडकुंडीला आल्या. मी त्यांना तू शिकवलंस तसं शिकवलं. पाय सरळ वर ओढायचा नाही, आधी टाच वाकडी करायची, खाली वारा शिरू द्यायचा, मग चिखल आपणहून पाय सोडतो. त्यांनी विचारलं, "मॅडम, हे कुठल्या पुस्तकात आहे?"

तेव्हापासून ते सगळं वर्ष डोळ्यांपुढं येतंय.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. मुकादम सरांनी प्रत्येकाला वर्षभराचा एक अभ्यास वाटून दिला होता. कुणाला कॉलेजच्या आवारातली झाडं, कुणाला तळ्यातलं पाणी. मला म्हणाले, "कोन गावची ना तू? घरामागं खाडी आहे. खेकड्यांची बिळं मोज. महिन्यातून दोनदा, एकदा उधाणाला, एकदा भांगेला." मला इतका राग आला होता! खाडीपासून लांब जायला म्हणून तर मी भिवंडीच्या कॉलेजात गेले होते. वर्गात सर सांगायचे की इकॉलॉजी म्हणजे काही अवघड नाही, कोण कुठं राहतं, काय खातं, त्याला कोण खातं आणि ते किती आहेत, एवढं नीट विचारायला शिकायचं. मी मनात म्हणायचे, हे तर आमच्या घरात म्हाताऱ्या बायकापण बोलतात, त्याला डिग्री कशाला.

मग ती पहिली अष्टमी आठवते? मोबाइलमध्ये भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून मी बरोबर बारा वाजता बांधावरून खाली उतरले. हातात प्लॅस्टिकच्या पाइपची मीटर बाय मीटर चौकट, टेप, वही. पाणी अजून पुरतं उतरलंच नव्हतं. मला वाटलं, वेळापत्रकात लिहिलंय म्हणजे उतरलेलंच असणार. तशीच शिरले, मांडीपर्यंत गेले, एक चप्पल खाडीला देऊन आले. घरी आले तर तू ओटीवर बारीक कोलीम मासळी निवडत बसली होतीस. मला बघून तुझ्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. म्हणालीस, "तो टाइम मुंबैचा हाय गो. मुंबैचा पानी कोनला याला दोन तास लागतात. त्याला काय रिक्षा हाय?"

तेव्हा तू खाडीत जाणं बंद करून दोन वर्षं झाली होती. बाबा, इथं थांबू नका, वाचा. शेतावर गाळे उभे राहिले, आपल्या घराला लोक शेठचं घर म्हणायला लागले, आणि एक दिवस तुम्ही आक्काला सांगितलंत की आता टोपली घेऊन चिखलात जाणं बरं दिसत नाही. तुम्ही वाईट मनानं नव्हतं सांगितलं. तिनं आयुष्यभर कष्ट केले, आता बसून खावं, असंच तुमच्या मनात होतं. आक्का, तू एका शब्दानं उलट बोलली नाहीस. चिंबोऱ्या धरायचा तुझा फग, ती लोखंडी कडीची जाळी, स्वतः माळ्यावर टांगलीस. त्यानंतर रोज पाणी उतरायच्या वेळी तू ओटीवर येऊन बसायचीस आणि खाडीवरून येणाऱ्या बायकांच्या टोपल्यांत डोकावायचीस. मला ते दिसत होतं, पण मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी माझे चिखलाचे पाय बघून तू उठलीस, लुगड्याचा काष्टा घट्ट केलास आणि बाबांना म्हणालीस, "पोरीला एकटीला बुरू देऊ का?" दोन वाजले होते. आपण दोघी गेलो तेव्हा पाणी तू सांगितलंस तसं अगदी तळाला होतं.

पहिले काही दिवस आपण किती भांडलो! सरांनी सांगितलेलं की खाडीकाठच्या चिखलाच्या पट्टीचे साठ तुकडे पाडायचे, त्यांचे नंबर चिठ्ठ्यांवर लिहायचे, डोळे मिटून वीस चिठ्ठ्या काढायच्या आणि त्याच जागी चौकट टाकायची. तुला ते पटेचना. "खेकडे तिकडं हायत न तू इकडं मोजतंस? डोला फुटला काय तुजा?" मी म्हटलं, आक्का, शितावरून भाताची परीक्षा करतात तसं आहे हे. तू जराही न थांबता म्हणालीस, "कंचा शीत? तलचा काढलास तं करपलेला, वरचा काढलास तं कच्चा." मग तूच चौकट उचलून चालायला लागलीस. थोड्या वेळानं म्हणालीस, "म्हंजे सगलीकरचा एकेक काढाला पायजे. आपल्याला पायजे तिकरचा न्हाय." मी रात्रंदिवस पाठ केलेलं पान तू चिखलात उभं राहून दोन वाक्यांत सांगितलंस. त्यानंतर चिठ्ठ्या काढायचं काम तू माझ्याकडून काढूनच घेतलंस, मी लबाडी करीन म्हणून. चौकटीतलं एक बीळ दिसलं की तू कनवटीच्या पिशवीतला एक चिंचोका डाव्या मुठीत घ्यायचीस आणि शेवटी मूठ माझ्यापुढं उघडायचीस. मी दोनदा मोजलेलं चुकायचं, तुझी मूठ चुकायची नाही. कुठलं बीळ वापरातलं आणि कुठलं सोडून दिलेलं हे मला वर्ष संपेपर्यंत तुझ्यासारखं ओळखता आलं नाही. तू म्हणायचीस, दाराशी ताजी माती काढलेली असेल तर घरात माणूस आहे.

आणि नेलपॉलिश! बिळांच्या जोडीला चिंबोऱ्या किती आहेत तेही काढून बघ, असं सर म्हणाले. सगळ्या तर धरता येत नाहीत. मग थोड्या धरायच्या, खूण करून सोडायच्या, काही दिवसांनी पुन्हा धरायच्या आणि त्यांत खुणेच्या किती हे बघायचं. तुला समजवायला मी लग्नाचं उदाहरण घेतलं. पंगतीत छत्तीस जणांना टिळा लावला. दुसऱ्या दिवशी पूजेला तीस जण आले, त्यांत सहा टिळ्याचे. म्हणजे पाचातला एक टिळ्याचा. टिळे छत्तीस, तर माणसं एकशेऐंशीच्या आसपास. तू मान डोलावलीस आणि म्हणालीस, "न ज्यांनी घरी जाऊन टिला पुसला त्यांचा काय?" मी म्हटलं, नेलपॉलिश पुसत नाही. "चिंबोरी कवच टाकते तवा?" मी ते वहीत लिहून घेतलं. "न ज्यांना पयल्या पंगतीत लाडू मिलला ते दुसऱ्या पंगतीला मुद्दाम येतात, त्यांचा काय?" हे मी सरांना जसंच्या तसं सांगितलं. सर खुर्चीतून उठले. म्हणाले, "हे दोन आक्षेप समजायला माझ्या एम.एस्सी.च्या वर्गाला एक महिना लागतो. कोण आहेत या?" मी अभिमानानं सांगितलं, माझी आते आहे. तेव्हा सांगितलं होतं गं मी. ते लक्षात ठेव, कारण पुढं जे सांगणार आहे ते वेगळं आहे.

त्याआधी बाबांचं ताट. माळ्यावरून फग उतरला, आपण छत्तीस चिंबोऱ्यांच्या पाठीवर माझ्या गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि सोडून दिल्या. आठव्या दिवशी आईनं बाजारातून चिंबोऱ्या आणल्या आणि बाबांच्या ताटात नेमकी गुलाबी ठिपक्याची आली. बाबांनी ती उलटसुलट केली आणि विचारलं, "हिला हळदीला कोणी बसवलं होतं?" त्या दिवशी घरात जेवढं हसू झालं तेवढं गाळ्यांची पूजा झाली त्या दिवशीही झालं नव्हतं. तुझ्या खाडीत जाण्याबद्दल बाबा त्यानंतर काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी तुझ्यासाठी गमबूट आणले. तू ते घातले नाहीस. "चिकलात बूट रुततो, पाय न्हाय," म्हणालीस. पण घडी घालून ठेवलेल्या लुगड्यांशेजारी कपाटात ठेवलेस, मी बघितलंय.

आता पुढचं. बाबा, आवाज बारीक करू नका.

भाद्रपदात एक दिवस आपण चौकटी टाकत होतो आणि बांधावर सोनल आणि वर्गातल्या दोघी स्कूटीवरून आल्या. सहज, बघायला. मी कडेला वही घेऊन उभी होते, कपडे स्वच्छ. तू मांडीभर चिखलात, काष्टा वर खोचलेला, तोंडावर गाळाचे शिंतोडे. तिकडून तू ओरडलीस, "क्षितू, सतरात नव!" सोनलनं विचारलं, "कोण गं या?" आणि आक्का, माझ्या तोंडून निघालं, "गावातल्या एक मावशी आहेत. मदतीला येतात." तू दहा पावलांवर होतीस. वारा तुझ्याच बाजूला होता. तू चिखलातून वर आलीस, त्या पोरींना म्हणालीस, "बायनू, खाली उतरू नका, कपरं खराब होतील." आणि टेप गुंडाळून माझ्या हातात दिलीस. "ही घ्या ताई," म्हणालीस. मला. ज्या पोरीला तू न्हाऊमाखू घातलंस, खांद्यावर घेऊन देवीच्या जत्रेला नेलंस, तिला तू अहोजाहो केलंस, माझं खोटं उघडं पडू नये म्हणून.

घरी आल्यावर तू मला वाढलंस, नेहमीसारखं. काही बोलली असतीस तर बरं झालं असतं. मला तुझ्याकडे बघवेना आणि तुझ्याबरोबर खाडीतही जाववेना. पितृपक्षातल्या अष्टमीला मी तुला सांगितलं की कॉलेजात काम आहे. सर्वपित्रीलाही तेच सांगितलं. दोन्ही वेळा सोनलबरोबर कल्याणला भटकत होते. वही तर भरायला हवी. मग मी खोलीत बसून मागची पानं समोर ठेवली आणि आकडे इकडचे तिकडे केले. नवाचे अकरा, चौदाचे बारा. वेळ मागच्या पानावरची तशीच उतरवली, दुपारी दोन. अर्ध्या तासात वीस चौकटी मोजून झाल्या. खरं सांगते, तेव्हा भीती वाटली नाही. उलट वाटलं की हे किती सोपं आहे, उगाच वर्षभर चिखल तुडवतोय.

दर मोजणीनंतर मी तुला वही वाचून दाखवायची, तसं तू त्या रविवारी म्हणालीस, "वाच." मी वाचलं. "सर्वपित्री अमावास्या, दुपारी दोन, चौकट पहिली, बिळं अकरा." तू तांदूळ निवडत होतीस. हात थांबला. "परत वाच." मी परत वाचलं. तू म्हणालीस, "अष्टमीला दोनला पानी उतरतं. आवशेला दोनला टोकाला आसतं. तवा तिथं माज्या डोक्यावर पानी. तू बिला कशी मोजलीस? बुरी मारून?" मी काहीतरी पुटपुटले, वेळ लिहायला चुकली असेल, सकाळी गेले असेन. तू सूप बाजूला ठेवलंस. मला वाटलं आता त्या दिवसाचं काढशील, "मावशी" काढशील. तू एवढंच म्हणालीस, "माजी लाज वाटली तं वाटली. पोरीच्या जातीला वाटते. पन त्यात खाडीनं काय केलं तुजं?" आणि परत सूप मांडीवर घेतलंस.

मी सरांकडे गेले ती दोन दिवसांनी. जाताना ठरवलं होतं की अमावास्येचंच सांगायचं, अष्टमीची वेळ तर बरोबर होती, ती कुणालाच कळली नसती. पण सरांच्या टेबलापाशी उभी राहिले आणि दोन्ही पानं पुढं केली. सरांनी ती वाचली. मग लाल पेन न घेता साध्या पेन्सिलीनं दोन्ही पानांवर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "इथं शून्य लिहू नकोस. शून्य म्हणजे आपण गेलो, शोधलं आणि मिळालं नाही. तू गेलीच नाहीस. हे रिकामं ठेव आणि का रिकामं आहे ते खाली लिही." मी लिहिलं, "निरीक्षकाने हजर नसताना आकडे भरले होते, ते रद्द केले." माझा अभ्यास आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला जाणार होता, तो त्या वर्षी गेला नाही. सोनलचा गेला. मी घरी येऊन रडले ते तुला माहीत आहे. कशासाठी रडले ते माहीत नव्हतं, ते आज सांगितलं.

पुढच्या उधाणाला सकाळी आठला पाणी उतरणार होतं. मी साडेसातला ओटीवर आले तर तू चिंचोक्यांची पिशवी कनवटीला खोचून, चिठ्ठ्यांचा डबा घेऊन बसलेलीस. म्हणालीस, "चल, उतरलं." बस. मला तुझी यापेक्षा मोठी माफी मागता आली नसती आणि तूही यापेक्षा मोठी दिली नसतीस. त्या दिवशी मी पहिल्यांदा कडेला उभी न राहता तुझ्याबरोबर चौकटीत उतरले, ओढणी कमरेला बांधून. आणि बांधावरून जाणाऱ्या प्रत्येक माणसाला, ओळखीच्या आणि बिनओळखीच्या, हाका मारून सांगत सुटले, ही माझी आते, ही माझी आते. तू म्हणालीस, "येडी झालीस का?"

माघात कुणीतरी खाडीच्या वरच्या टोकाला इमारतींचा राडारोडा आणून टाकला. कुणी ते आपल्याला कळलं नाही, बाबांनी चौकशी केली, पुढं गाड्या यायच्या थांबल्या एवढं खरं. पण पट्टीच्या त्या टोकाच्या चौदा तुकड्यांत एक बीळ उरलं नाही. चिठ्ठी तिथली निघाली की माझा जीव जायचा. मी म्हटलं, आक्का, हे तुकडे सोडून देऊ, दुसरे घेऊ. तू ऐकलं नाहीस. खडी-विटांवरून ठेचा खात त्या जागी जायचीस, चौकट टाकायचीस, वाकून बघायचीस आणि रिकामी मूठ उघडून मला दाखवायचीस. "लिव. शून्य." सहा खेपा आपण शून्य लिहिलं. सातव्या खेपेला तू वाकलीस ती उठेचनास. मी घाबरून धावत आले तर तू एकाच चिंचोक्यावर मूठ मिटून हसत होतीस. विटांच्या फटीत ताजी माती निघाली होती.

इथल्या नोकरीच्या मुलाखतीत त्यांनी माझा तो अहवाल उघडून नेमकी तीच पानं काढली. म्हणाले, एवढी शून्यं आणि ही दोन रिकामी पानं, हे का ठेवलंत, काढून टाकलं असतं तर चित्र किती छान दिसलं असतं. मी त्यांना सगळं सांगितलं. अमावास्येच्या दोन वाजल्याचंही. वाटलं होतं, आता काही मला घेत नाहीत. आठव्या दिवशी बोलावणं आलं.

मी निघाले तेव्हा मला वाटलं मोजणी संपली. तू संपवली नाहीस. गेली दोन वर्षं महिन्यातून दोनदा बाबांच्या मोबाइलवरून वहीच्या पानाचा फोटो येतो. पहिला आला तेव्हा मी अक्षर बघून हरखले. बाबा, ज्या बहिणीचं चिखलात जाणं तुम्हाला बरं दिसत नव्हतं, तिच्यासाठी तुम्ही परीटघडीचे कपडे घालून बांधावर वही घेऊन उभे राहता, ती खालून आकडा ओरडते आणि तो बरोबर ऐकला की नाही म्हणून तुम्ही वरून परत ओरडता. आईनं मला त्याचा व्हिडिओ पाठवला आहे. मी तो इथल्या दोघी मुलींना दाखवला. तुम्हाला राग येणार असेल तर येऊ दे. तुम्ही मला कॉलेजात पाठवलंत त्याबद्दल कधी आभार मानले नाहीत, पण त्या व्हिडिओबद्दल मानते.

आता हे पत्र का लिहिलं ते. आपल्या कोनच्या खाडीच्या तीन वर्षांच्या मोजणीचा लेख छापून येतो आहे, आक्का. मुकादम सरांनी आणि मी तो लिहिला. त्यातली एक वर्षाची मोजणी आपल्या दोघींची आणि दोन वर्षांची तुझी एकटीची. माझ्या कॉलेजच्या अहवालात शेवटच्या पानावर मी तुझ्याबद्दल लिहिलं होतं, "एका स्थानिक महिलेची मदत झाली." बांधावर हाका मारून आते म्हणणाऱ्या मला कागदावर मात्र तेवढंच सुचलं होतं. या वेळी ज्यांनी मोजलं त्यांची पूर्ण नावं आरंभीच द्यायची आहेत. मी लिहायला बसले आणि लक्षात आलं की मला तुझं नाव माहीत नाही. बाबांना फोन केला. ते म्हणाले, "मी तर बोलायला लागल्यापासून आक्काच म्हणतोय. आजी तिला बाय म्हणायची." तुझं लग्न झालं तेव्हा बाबा चार वर्षांचे. शाळेत तू गेली नाहीस, त्यामुळे दाखला नाही. आधार कार्डावर मैना आहे, पण ते तुझ्या सासरच्यांनी ठेवलेलं नाव, आणि त्या घरानं तुला चौदा महिन्यांत एका ट्रंकेसह परत पाठवलं. पुढं त्या घराचं नाव तू कधी काढलं नाहीस. मग मी ते तुझ्यावर छापायचं कसं? बाबा म्हणाले, "विचारू का तिला?" मी नको म्हटलं. हे मला विचारायचं होतं, आणि त्याआधी बाकीचं सगळं सांगायचं होतं. तर आक्का, बारशाला तुझ्या कानात कोणतं नाव सांगितलं होतं? मैनाच हवं असेल तर मैना लिहीन, दुसरं असेल तर दुसरं. पुढं वडिलांचं नाव लावायचं की कुणाचंच नाही, तेही तूच ठरव. बाबा, आता पत्र खाली ठेवा आणि वही घ्या. ती सांगेल ते, ती उच्चारेल तसं लिहा आणि फोटो पाठवा. घाई करू नका, तिला आठवायला वेळ लागेल, फार वर्षांत कुणी तिला त्या नावानं हाक मारलेली नाही. लेखावर ते नाव पहिलं येणार आहे. सरांचं आणि माझं त्याच्या खाली.

तुझीच,
क्षितू